नववं रेकॉर्डिंग

पडलेलं पेन उचलायला मी टेबलाखाली वाकले, तर तिथे एक माणूस आधीच वायरींच्या गुंत्यात मांडी घालून बसलेला!

"अगं बाई! कोण तुम्ही?"

"फोनवाला. डोकं सांभाळा हं—"

आपटलंच. त्या टेंगळासकट हा माणूस माझ्या कपाळी आला.

आमचं लिफ्ट दुरुस्तीचं ऑफिस. जुनी लाइन सारखी बंद पडायची, म्हणून इंटरनेटवरून चालणारे फोन घ्यायचा हट्ट मीच धरला. बाबांनी बजावलं, "शुक्रवारी चारला मी बाहेरून फोन लावीन. नीट लागला तर ठीक. नाहीतर जुनंच परत, आणि ऑफिसच्या कामात तू पुन्हा नाक खुपसायचं नाहीस."

शुक्रवार उजाडला तरी याचं आपलं चालूच! कधी माझा आवाज त्याला जायचा, त्याचा मला यायचा नाही. कधी माझा नंबर फिरवला की गोदामातला फोन खणखणायचा. मी तणतणले की हा नुसता हसायचा, आणि हसला की... जाऊ दे.

"फोन करणाऱ्याला आधी ऐकू येतो तो स्वागताचा निरोप फक्त राहिलाय," साडेतीनला तो म्हणाला. "तुमच्या आवाजात. जरा प्रेमाने बोला."

"प्रेमाने? डोकं उठलंय माझं!"

आठ वेळा बोलले. दर वेळी याचं एकच, "अजून एकदा." नवव्या वेळी माझा ताबा सुटला.

"नमस्कार, आपलं स्वागत... अहो, असं टक लावून बघत बसलात तर मी बोलू कशी? उद्यापासून तुम्ही येणार नाही, मला हायसं वाटायला हवं, तर जिवाची नुसती घालमेल! ... पुसा ते! आधी पुसा!"

कानापर्यंत लाल होत त्याने भराभर बटणं दाबली. "पुसलं," म्हणाला.

चारला फोन वाजला. "बाबा, नीट लागला ना?"

"लागला. एकदम स्वच्छ." बाबा म्हणाले. "पण टक लावून कोण बघतंय?"

"कोणी नाही, बाबा!" मी घाईघाईने म्हणाले.

"नवे फोन राहू देत," बाबा म्हणाले. "त्या निरोपाचं मात्र बघा काहीतरी."

मी त्याच्याकडे वळले. "पुसलं म्हणालात ना?"

"घाबरून आठवं पुसलं. नववं राहिलं..."

"देवा! आणि आठवं चांगलं झालं होतं?"

"पहिलंच चांगलं झालं होतं." तो खाली बघत म्हणाला. "पण ते घेतलं असतं, तर मला तेव्हाच निघावं लागलं असतं. मला निघायचं नव्हतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुन्हा फोन. एक आजी होत्या.

"बाळ, मी लिफ्टमध्ये अडकलेय गं."

"घाबरू नका आजी, आत्ता माणूस पाठवते."

"पाठव सावकाश. आधी सांग, तो टक लावून बघणारा उद्या येणार आहे की नाही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

"येणार आहे, आजी," मी म्हणाले.