न टाकलेला तुकडा

जेवणं आटोपून तिघं गच्चीवर येऊन बसले होते. ध्रुव आणि प्रांजली या नव्या जोडप्यानं मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटमधली रिकामी खोली परदेशी पाहुण्यांसाठी ॲपवर टाकायचं ठरवलं होतं. फोटो कसे काढायचे, पडदे कुठल्या रंगाचे लावायचे, यावर दोघांची चर्चा रंगली होती. ध्रुवचे थोरले काका आप्पाजी भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. माणूस मूळचा निपाणीचा, सगळी नोकरी बेंगळुरात गेलेली. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"टाका की खोली. नको कोण म्हणतंय? पण आमच्या भावकीतल्या संग्रामचं काय झालं तेवढं ऐकून घ्या. मग काढा फोटो."

प्रांजली हसली. आप्पाजी हसले नाहीत.

तर, संग्राम. विमानतळाच्या टॅक्सीवर म्हणून इकडं आला आणि हिकमती निघाला. देवनहळ्ळीत किल्ल्याच्या अलीकडं त्यानं दोन मजली घर बांधलं. तेव्हा समोर पपनसांची बाग होती. आता बाग गेली, तिथं प्लॉट पडले, आणि गल्लीत दर तिसऱ्या घरावर इंग्रजी पाटी लागली. हंपीला निघालेले, म्हैसूरहून परतलेले, पहाटेचं विमान गाठणारे, सगळे परदेशी एका रात्रीपुरते तिथं उतरतात. संग्राम म्हणाला, वाहत्या गंगेत आपणही हात धुऊन घेऊ. वरच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या, त्यांच्यासाठी बाहेरून वेगळा जिना काढला. पुढं खालची आईची खोलीसुद्धा दिली. आई म्हणजे ठकुबाई, तिची वळकटी स्वयंपाकघरात आली. घरची माणसं पाहुण्यांनंतर जेवायची, हळू बोलायची, घरात असून चोरासारखी वावरायची. पैसा आला की माणूस कशालाही सोय म्हणतो.

आपल्याकडं लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरतुकडा ओवाळतात, ठाऊक आहे ना? भाकरीचा तुकडा आणि पाणी माणसावरून उतरायचं आणि लांब टाकून द्यायचं. ठकुबाई प्रत्येक पाहुण्याला ओवाळायची. गोऱ्या लोकांना त्याचं भारी अप्रूप. व्हिडिओ काढायचे. संग्रामनं ते ॲपवरच टाकलं. सूनबाईला, भाग्यलक्ष्मीला, नऊवारी नेसवून दारात उभी करायला लागला. सहा वर्षांची पोरगी पवित्रा मागं पाण्याचे पेले घेऊन. पोरगी इतकी सरावली की दारात येईल त्याचं बोट धरून वर घेऊन जायची. अनोळखी माणूस म्हणजे काय, हे त्या लेकराला माहीतच नव्हतं.

मग एका पाहुण्यानं लिहिलं, इथं अन्न रस्त्यावर फेकतात, त्यावर कुत्री जमतात, रात्रभर झोप नाही. समोरच्या प्लॉटवाल्यांनीही कुरकुर केली. झालं. संग्रामनं फर्मान काढलं, ओवाळायचं, पण टाकायचं नाही. तुकडा परत डब्यात. एक भाकरी वाळून खडखडीत होईतो तीच. दिसायला तेवढंच दिसतं ना?

ठकुबाई म्हणाली, "बाबा, वाटेवरचं वाटेवर टाकायचं असतं. गोरा असो, काळा असो, वाट सगळ्यांनाच चिकटते. त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. पण तू ते उतरून घेतोस आणि डब्यात घालून घरात ठेवतोस?"

"आई, हे फक्त फोटोपुरतं आहे गं," संग्राम म्हणाला.

त्या आठवड्यात म्हातारीनं बोचकं बांधलं आणि निपाणीला धाकट्याकडं निघून गेली. संग्रामला वाईट वाटलं. पण स्वयंपाकघरात जागा झाली, असंही वाटलं. त्यानं स्वतः मला सांगितलंय हे.

त्यानंतर सुरू झालं. खोली रिकामी असायची, कडी बाहेरून, आणि सकाळी अंथरूण विस्कटलेलं. उशीला खळगा. न्हाणीची फरशी ओली. संग्रामच्या मनात पाल चुकचुकली. खोल्या झाडायला नागराज होता, कोलारकडचा, गॅरेजमध्ये झोपायचा. हाच आपल्या पाठीमागं परस्पर खोल्या देतोय, असं संग्रामनं धरलं. नागराज हात जोडून म्हणाला, "अण्णा, मी नव्हे. माझ्या आईची आण. मला स्वतःला वर जायला नको वाटतंय." चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून संग्रामनं त्याला हाकलून दिला.

तरी उशीला खळगा पडायचा तो पडायचाच.

मग त्यानं जिन्यावर कॅमेरा लावला. कॅमेऱ्यात कुणी येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. तेव्हा गडी बायकोवर संशय घ्यायला लागला, बघा कुठवर गेला. तिच्याशी धड बोलेना. भाग्यलक्ष्मीही हट्टी, तिनं अबोला धरला. आणि या दोघांच्या धुसफुशीत कुणाचं लक्षच नव्हतं, की पवित्रा रिकाम्या खोलीत पाण्याचा पेला घेऊन जाते. विचारलं तर म्हणायची, "आँटीला तहान लागलीये."

संग्रामला वाटलं, पोरखेळ.

ती रात्र मला पक्की माहीत आहे. यंदाच्या जानेवारीतली, रविवारची, पौषातली अमावास्या. जर्मनीहून एक नवरा-बायको उतरणार होती. संग्राम त्यांना आणायला विमानतळावर गेला. रोजचंच काम. निघताना बायकोला एवढंच म्हणाला, "दिवा तयार ठेव." बऱ्याच दिवसांत तेवढंच बोलणं झालं होतं.

जानेवारीत देवनहळ्ळीला धुकं कसं पडतं, बघितलंय तुम्ही? हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत. संग्राम नावाची पाटी धरून उभा राहिला. कॉफी झाली, दुसरी कॉफी झाली. शेवटी कळलं, विमान इथं उतरलंच नाही, चेन्नईला वळवलं. पाहुण्यांचाही निरोप आला, उद्या दुपारी येतो. संग्राम वैतागला आणि रिकामी गाडी घेऊन परत फिरला. बायकोला फोन करावा असं त्याच्या मनात आलं. पण अबोला होता ना. आपण का आधी करायचा, असं म्हणून त्यानं फोन खिशात ठेवला. पुढं त्या एका फोनवरून तो माझ्यासमोर ढसाढसा रडला आहे.

घरी पोचला तर फाटक उघडं. दारात समई. भाग्यलक्ष्मी नऊवारी नेसून पायरीवर बसलेली, हातात ताम्हण.

"किती वेळ हो गाडी लावायला?" ती म्हणाली. "पाहुणे केव्हाचे वर गेले."

संग्राम पायरीशी आला.

"कोण पाहुणे?"

"अहो, तुम्ही आणलेले. दोघं. ओवाळलं मी त्यांना. पवित्रा घेऊन गेली वर."

"भाग्या... विमान चेन्नईला गेलं. मी कुणालाच आणलं नाही."

तिनं ताम्हण पायरीवर ठेवलं आणि वरच्या खोलीकडं बघितलं.

संग्रामच्या मनात पहिल्यांदा आलं ते नागराजचं. सूड उगवला. कुणाला तरी घरात घुसवलं. पोर पळवणारी टोळी असणार. तो बाहेरच्या जिन्यानं वर धावला. खोलीचं दार सताड उघडं. दिवा चालू. दोन्ही उशांना खळगे. टेबलावर पेला, रिकामा.

पवित्रा नव्हती.

"दिसायला कशी होती? सांग! कशी होती?" तो खाली येऊन ओरडला.

"धुकं होतं हो... डोक्यावरून शाली घेतलेल्या. मी कुंकू लावायला हात पुढं केला..."

"आणि?"

"लावलं कुंकू. पण बोटाला..."

"बोटाला काय?"

"बोटाला कपाळ लागलंच नाही. मला वाटलं, गारठ्यानं हात बधिर झाला असेल."

संग्राम रस्त्यावर पळाला.

धुकं. कुत्र्याचा सुद्धा आवाज नाही. "पवित्रा! पवी!" आपलाच आवाज कापसात घातल्यासारखा. लांब हायवेवर ट्रक घरघरत होते. तो त्या आवाजाच्या दिशेनं गेला. विमानतळाकडं जाणारी वाट तीच.

आणि दिसली.

खांबाच्या पिवळ्या दिव्याखाली. पाठमोरी. अनवाणी. चालत होती. सावकाश... लहान पोर दोन मोठ्या माणसांच्या मधून चालतं ना, तशी. दोन्ही हात वर. कुणीतरी धरल्यासारखे.

बाजूला कुणी नव्हतं.

"पवी, थांब!"

तिनं मान वळवली नाही. मान वर करून डावीकडं बघितलं आणि हसली. काहीतरी बोलली. कुठल्या भाषेत, देव जाणे. संग्राम पळत होता. पळत होता, पण मधलं अंतर कमी होईना. पोर चालतेय, बाप पळतोय... तरी अंतर तेवढंच. पुढं हायवेचे दिवे दिसायला लागले. मोठे. जवळ.

तेव्हा मागून भाग्यलक्ष्मी आली. ओचा खोवलेला, छातीशी डबा धरलेला. नवऱ्याला ओलांडून पुढं गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, सासूचं बोलणं तेवढं आठवलं असणार. तिनं डब्याचं झाकण फेकलं. वाळलेल्या भाकरीचे तुकडे मुठीत घेतले, लांबूनच लेकीवरून उतरले, एक मूठ रस्त्याच्या उजवीकडं टाकली, एक डावीकडं. मग डबाच उपडा केला.

"घ्या!" ती किंचाळली. "तुमचं तुम्ही घ्या आणि जा! माझी लेक द्या!"

सगळं गप्प झालं. ट्रकसुद्धा.

पवित्राचा उजवा हात खाली आला. सुटल्यासारखा.

डावा...

डावा तसाच वर होता.

भाग्यलक्ष्मी रिकामा डबा झटकत राहिली. त्यात काही उरलं नव्हतं. संग्राम गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात जोडले. काय बोलला ते त्याला आठवत नाही. आईला हाका मारल्या म्हणे.

मग तो डावा हातही हळूहळू खाली आला. पडला नाही. कुणीतरी जपून खाली सोडावा, तसा आला.

त्यानं पोरीला उचललं. अंग गार, श्वास नीट. "पप्पा, आँटीचं घर लांब आहे," एवढं म्हणाली आणि झोपली. घराच्या उंबऱ्याशी दोघं थबकली. आत जाताना ओवाळायला घरात ताजी भाकरी नव्हती. थंडीत पोरीला किती वेळ बाहेर ठेवणार? तशीच आत नेली.

सकाळी पाटी उतरली. खोल्या बंद झाल्या. संग्राम कोलारला जाऊन नागराजच्या पाया पडून आला. नागराज म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे, झालं गेलं," पण कामाला काही परत आला नाही. ठकुबाई आली, आपल्या खोलीत राहायला लागली. सगळं सुरळीत झालं म्हणायचं. एक सोडून.

त्या रात्री घरात आणलं, तेव्हा दिव्याखाली भाग्यलक्ष्मीनं बघितलं. पवित्राच्या केसांची वेणी घातलेली होती. झोपताना मोकळे होते. आपली तीन पदरांची वेणी नव्हे ती. किती पदर ते कळत नव्हतं, एकात एक गुंफलेले, घट्ट, सुंदर. आईनं मायेनं बसून घालावी अशी. सोडवता सोडवता उजाडलं. मग संग्रामनं त्याच दिवशी पोरीचे केस कानापर्यंत कापून टाकले.

आप्पाजींनी अडकित्ता उचलला, पण सुपारी घेतली नाही.

"मग?" प्रांजलीनं विचारलं.

मग काय? मागच्या महिन्यात मी तिथं मुक्कामाला होतो. मीही संशयीच माणूस. म्हटलं, ती वेणी पोर स्वतःच घालत असेल, पण तिला बुटाची नाडी बांधता येत नाही. म्हटलं, भाग्यलक्ष्मीचं डोकं फिरलं असेल, तर ती दोन दिवस माहेरी गेलेली. ठकुबाईच्या बोटांत संधिवात. म्हणून मी स्वतः पोरीच्या अंथरुणाशेजारी खुर्ची टाकून बसलो. डोळ्याला डोळा लागू दिला नाही. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

उजाडल्यावर ती उठून बसली. डाव्या कानामागं, त्या एवढ्याशा केसांत, बोटभर वेणी होती. गुंफलेली. घट्ट. शेवटाला अजून ओली.

रोज असते म्हणे. ठकुबाई मुकाट्यानं ती सोडवते आणि पोरीला शाळेत पाठवते.