भंडाराचे हात

दूर दक्षिण समुद्रातल्या मिरिच बेटाच्या पश्चिम अंगाला जो उंच काळा डोंगर समुद्राकडे पाठ करून उभा आहे, त्याला तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. तरीही रत्नागिरीकडून जहाजाने आलेल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून त्याला ‘गड’च म्हटले, कारण डोंगर दिसला की त्याला गड म्हणायची जीभ ती गावाहून सोबत घेऊन आली होती. महिना माघाचा होता. गावाकडे या दिवसांत शेकोट्या पेटत. इथे माघातच वैशाखवणवा लागे, आणि पंचांगाने ऋतूशी हे वैर का धरले ते सांगायला कोणी भटजी त्या जहाजावर चढला नव्हता. गडाचा माथा तांबूस झाला, आणि खाली साखरेच्या गिरणीपाशी नौबतीच्या ऐवजी लोखंडी घंटा वाजली.

त्या घंटेसरशी टोळीपुढे येऊन उभा राहणाऱ्या माणसाचे नाव अर्जोजी साळवी, आणि हुद्दा सरदार. वाचकांनी दचकू नये. ज्या शब्दापुढे एके काळी चोपदार चालत आणि ज्याच्या मागे हजार घोडी खिंकाळत, तो शब्द समुद्र ओलांडताना इतका झिजला की गोऱ्या मळेवाल्याने तो उसाच्या फडातल्या मुकादमाला देऊन टाकला. अर्जोजीला लाल पागोटे होते, वेताची छडी होती, आणि बराकीच्या टोकाला इतरांपेक्षा हातभर रुंद खोली होती. एवढीच त्याची जहागीर. आपला आजा किल्ल्यावर पहारेकरी होता असे तो सांगे, आणि सांगताना त्याची मान ताठ होई. लोक मागून हसत, पण त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

तो उन्हाळा मात्र हसण्याजोगा नव्हता. उभ्या उसाचे पाचट सोलायचे, आणि त्या पात्यांनी कोपरापर्यंत ओरखडलेल्या हातांनीच नव्या फडासाठी काळ्या दगडांतून खड्डे खणायचे, निघालेले धोंडे बांधावर रचायचे; असे दिवस चालले होते. पाऊस रुसला होता. गडावरून येणारा पाण्याचा पाट बराकीच्या वरच्या वळणाला दुभंगे: एक फाटा बराकीच्या कुंडात जाई, दुसरा नव्या लागवडीकडे. लागवड करपू लागली तेव्हा मळ्याच्या मालकाने, ज्याला सारे मुशे दिलाकूर म्हणत, बराकीचा फाटा फळी घालून बंद केला आणि फळीला कुलूप लावले. बराकीला प्यायला राहिला तो गिरणीचा हौद, ज्यावर हिरवी साय धरली होती.

फडात पाणी होते, पण फडात भांडे न्यायला बंदी होती. म्हणून बाया पदर पाटात भिजवून कमरेला खोचत आणि संध्याकाळी पोरांच्या तोंडात पिळत. बराकीपर्यंत येता येता पदर अर्धा वाळून जाई. अर्जोजीची बायको सोनाईही तसाच पदर आणी, कारण त्यांची लेक गोदी तापाने निजून होती. रावजी शिगवण हा अर्जोजीच्याच गावचा, त्याच्यासोबत एका विहिरीत पोहायला शिकलेला. त्याचे पोर त्याच हौदाच्या पाण्याने आठवड्यापूर्वी गेले होते. अर्जोजीने पागोटे काढून मालकापुढे दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा मालकाने त्याला उसाची कोवळी पाने दाखवली आणि घोडा पुढे काढला.

तेव्हा रावजीने मसलत मांडली. मजुरांची गाऱ्हाणी ऐकणारा मोठा अंमलदार बंदरात बसे. त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचे. परंतु मालकाच्या चिठ्ठीवाचून मळ्याची हद्द ओलांडणारा पळपुटा ठरे आणि तुरुंगात जाई, म्हणून निघायचे ते सर्वांनी एकदम, रविवारी, सकाळचे तबेल्याचे काम आटोपले आणि मालक किरिस्तावांच्या देवळात गेला की. रावजी धरून असे पाच जण ठरले. सरदाराला कळवायचे नाही हेही ठरले. पागोटे मालकाचे आहे, असे त्यांतला धाकजी म्हणाला आणि रावजीने मान खाली घातली.

फितुरी होऊ नये म्हणून शनिवारी दिवेलागणीला धोंड्यांच्या ढिगाआड पाचांनी बेलभंडार उचलला. बेल त्या बेटावर त्यांना सापडला नव्हता, तेव्हा फुटक्या मडक्यातल्या तुळशीची पाने घेतली. भंडाराला हळद होती. ओंजळीत घेऊन प्रत्येकाने खंडोबाची आण वाहिली, की अंमलदाराच्या उंबऱ्याला हात लागेपर्यंत माघार नाही. दिवसभर खणून भेगाळलेल्या, घामेजलेल्या तळव्यांत ती हळद खोल शिरली. आणि कोकणातल्या शहाण्यासुरत्या माणसांना एक साधी गोष्ट सुचली नाही, की हळद धुवायला पाणी लागते.

रविवारी घंटा झाली. खेचरांच्या तबेल्यापुढे टोळी रांगेने उभी राहिली. मालक देवळाचे कपडे घालून, पण घोड्यावर न बसता, कोठाराच्या पायऱ्यांवर उभा होता, आणि त्याच्या शेजारी फावडी-टोपल्या वाटायला भिवा चौकीदार. हा भिवाही कोकणातलाच, मालवणकडचा. आदल्या संध्याकाळी ढिगापलीकडून त्याने काही बोलणे ऐकले होते, चेहरे पाहिले नव्हते.

“सरदार,” भिवा मालकाचे बोलणे मराठीत सांगू लागला, “साहेबांस खबर लागली हा, की तुमच्या टोळीत फितवा झालेला असा. कोण ते साहेब आज काढल्याबिगर र्‍हवचे नाय. चला, एकेकाक हत्यार घेवक धाडा.”

अर्जोजीला खरोखरच काही ठाऊक नव्हते. तो रांगेवरून चालू लागला, आणि पहिल्याच फेरीत त्याला धाकजीचा तळवा दिसला. मग दुसरा. मग रावजीचा, पिवळाजर्द. मालकाला त्या रंगात फार तर स्वयंपाक दिसला असता. पण कोठारापाशी उभा असलेला भिवा मराठी मुलखातला होता, आणि फावडे घ्यायला हात पुढे झाला की त्याला त्या तळव्यावर सारी शपथ वाचता आली असती. आपल्याला वगळले याचे दुःख अर्जोजीला झाले, नाही असे नाही. पण त्याला वेळ नव्हता, आणि बोलायची सोयही नव्हती, कारण त्याचा प्रत्येक शब्द भिवाला कळत होता.

छडी खेचरांच्या ताज्या लिदीकडे करून तो ओरडला, “हत्यार नंतर. आधी समद्यांनी हातानं लीद काढायची. घाला हात, मनगटापातुर.”

टोळी चमकली. असला हुकूम या सरदाराने कधी दिला नव्हता. पण मालक पाहत होता, माणसे वाकली. धाकजीने क्षणभर अर्जोजीकडे पाहिले, दात आवळले आणि हात घातले. आणखी तिघांनी घातले. चौघांचे पिवळे हात रांगेतल्या इतर हातांसारखे झाले.

रावजी उभाच राहिला.

“रावजी, वाक,” अर्जोजी म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती, पण ती ओळखायला रावजीच्या मनात जागा उरली नव्हती.

“सरदार, रोज काढतंय मी लीद. आज नाय काढायचा,” रावजी शांतपणे म्हणाला. “गायीचं शेण असतं तर घातला असता हात. ही खेचराची घाण. ह्या हातांनी मी भंडार उचललाय. काम होईपातुर हे हात बाटवायचे नायत.”

भिवाने मान वर केली. तो पायऱ्या उतरून आला, रावजीचा हात उलटा करून पाहिला, आणि मालकाकडे वळून भराभर बोलला. मालकाने घड्याळ पाहिले. मग त्याने खिशातून एक किल्ली काढून तळहातावर ठेवली, आणि जे सांगितले ते भिवाने असे सांगितले:

“सरदारांनू, साहेब म्हणतत, ह्यो एकटो नसतलो. तुमी बाकीच्यांची नावां सांगा. ही पाटाची किल्ली असा. आत्ताच्या आत्ता कुंडात पाणी सोडतलो, म्हणतत.”

किल्ली लहान होती. अर्जोजीने तिच्याकडे पाहिले, आणि बराकीच्या टोकाच्या खोलीकडे पाहिले, जिच्या दारात सोनाई उभी होती. रांगेत लिदीने माखलेले चार जण श्वास रोखून होते. आता त्यांना कळले होते की सरदाराला सारे कळले आहे. लढाईत मरण पत्करणाऱ्यांचे पोवाडे होतात आणि व्हावेत. पण लेकरू तापात पाणी मागत असता पाण्याची किल्ली समोर पाहून गप्प राहणाऱ्याला कोणता शाहीर गातो, हे मला माहीत नाही.

अर्जोजीने छडी खाली ठेवली. तो रावजीजवळ गेला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. रावजीचे तळवे घामाने चिंब होते. अर्जोजीने हात सोडले, तेव्हा त्याच्या तळव्यांवर फिकट पिवळे उमटले होते. ते त्याने मालकापुढे धरले.

“सांग साहेबांना. दुसरा मी. तिसरा कोण नाय.”

“आता रं अर्जा,” रावजी पुटपुटला, “आदी सांगायचंस ना.”

“कसं सांगू?” अर्जोजी म्हणाला.

मालकाने किल्ली खिशात टाकली. देवळाची वेळ टळू नये म्हणून पुढचे सारे झटपट झाले: पागोटे उतरवले, दोघांच्या मुसक्या बांधल्या, आणि बंदराकडे जाणाऱ्या बैलगाडीत त्यांना घातले. ज्या बंदरात पोहोचायची आण होती तिथेच ती गाडी गेली, पण अंमलदाराच्या उंबऱ्याकडे नव्हे, तुरुंगाकडे. रावजी तिथे तापाने मेला. शेवटपर्यंत त्याला एकच भरवसा होता, की चौघे बाहेर आहेत, ते जातील. अर्जोजी त्याला रोज तेच सांगत असे, आणि स्वतःही त्यावरच जगत होता.

अर्जोजी सुटून मळ्यावर परतला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. लाल पागोटे भिवाच्या डोक्यावर होते. टोकाची खोलीही त्याचीच झाली होती. सोनाई बराकीच्या मधल्या खोलीत दुसऱ्या दोन कुटुंबांबरोबर राहत होती. गोदी दिसली नाही. तिची गोधडी घडी घालून कोपऱ्यात ठेवली होती; अर्जोजीने ती पाहिली. तो सरळ वरच्या वळणावर गेला. फळीला कुलूप तसेच होते.

परतताना त्याला धाकजी भेटला. खांद्यावर कुदळ होती.

“गेला होतात?” अर्जोजीने विचारले. “अंमलदाराकडं?”

धाकजीने कुदळ खांद्यावरून उतरवली. त्याच्या मनात खोट नव्हती, हे सांगितले पाहिजे. त्याने सरदाराचे उपकार जन्मभर मानले, आणि पुढे आपल्या मुलाचे नावही अर्जोजी ठेवले.

“कसं जाणार, सरदार? आमी चौघांनी लय इचार केला. भंडाराच्या हातावर लीद लागली, तवाच आण बाटली. बाटल्या शपथेनं निघालो असतो तर द्येव कोपला असता. तुमीच घालायला लावलेत ना हात?”

अर्जोजीने स्वतःचे हात पाहिले. त्यांवर हळदीचा मागमूस उरला नव्हता; तुरुंगात धुवायला पाणी मुबलक होते.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा तो रांगेत उभा राहिला. भिवाने त्याच्या हाती कुदळ दिली, नजर न देता. नव्या फडातला ऊस कमरेएवढा झाला होता, हिरवागार, आणि दोन सऱ्यांमधून गडाचे पाणी खळखळत चालले होते. पुढच्या ओळीत सोनाई पाचट सोलत होती. पाटापाशी पोहोचल्यावर तिने सवयीने पदर पाण्यात बुडवला, पिळून कमरेला खोचला, आणि मग तशीच उभी राहिली.