बोनकोड्याची पाणबुडी

"अहो... आत कोण आहे?"

पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी एक पिवळं हेल्मेट दिसलं आणि त्याखाली दोन गोंधळलेले डोळे.

मी आत मांडी घालून बसले होते. मागे मी शिकवते त्या बालवाडीची सगळी चिल्लीपिल्ली श्वास रोखून बसली होती, कारण आम्ही समुद्राच्या तळाशी होतो! बोनकोडे गावाबाहेर, जिथे पूर्वी आमची भातशेती होती, तिथे आता नव्या शहराचे सेक्टर पडत होते. रस्त्याकडेला गटाराचे हे मोठाले सिमेंटचे पाइप ओळीने येऊन पडले होते.

"बाहेर या, प्लीज. इथे खेळायचं नसतं," हेल्मेट म्हणालं.

"खेळतंय कोण? ही पाणबुडी आहे," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर उभे आहात म्हणजे... बुडालात."

मुलं खुदकन हसली. मला वाटलं, आता हा ओरडणार. पण त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मुकादम लांब होता. मग त्याने हळूच नाक चिमटीत धरलं.

"मग मला आत घ्या ना... दम संपत आलाय."

"तिकीट?"

"स्टाफ!"

मी हसले, आणि तो गुडघ्यांवर रांगत आत आला. इस्त्रीचा शर्ट पार मळला.

त्याचं नाव आशुतोष. कोकणातला, गटारं घालणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर एका पाइपाला दोन्ही बाजूंनी दगड अडकवलेले, हलू नये म्हणून. आतली खडी झाडून काढलेली. कोणी केलं, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फक्त त्याच्याकडे पाहिलं... आणि त्याने उगाचच हेल्मेट काढून पुन्हा घातलं.

मग दुपारचा डबा घेऊन तो रोजच यायला लागला. पाइप कधी बोगदा व्हायचा, कधी देवमाशाचं पोट. खाडीवरून खारट वारा यायचा, पाइपात शिरून घुमायचा, आणि तो मुलांना सांगायचा, "ऐका, देवमासा घोरतोय."

मुलं घरी पळाली की आम्ही दोघंच उरायचो. पाइपाच्या दोन तोंडांशी, मधे एवढं अंतर ठेवून.

"बाई, तुम्ही मोठ्या कधी होणार?" तो विचारायचा.

"तुमचं बघून भीती वाटते. कशाला मोठं व्हायचं?"

हे असं छान चाललं असताना उरणहून स्थळ आलं. मुलगा नंदकुमार, बिल्डिंगची कामं घेणारा. त्याची आत्या रंगूबाई रिक्षातून उतरली, तेव्हाच मी पाइपातून बाहेर येत होते. केसांत सिमेंटची भुकटी, कडेवर बालवाडीतलं पोर, पदर कमरेला.

घरी चहा पिताना ती गोडच बोलली. "पोरगी चांगली हाय. पन पोरकट हाय. लग्नानंतर हे चालनार नाय."

ती गेल्यावर आई माझ्यावर बरसली. आईचा, म्हणजे मालतीबाईंचा, आवाज अख्ख्या आळीला ऐकू जातो. "वय काय तुजा, जागृती? पायपान शिरतेस? लोक हसतान आमाला!"

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. तेच मला सोसेना. मी म्हटलं, "नाय शिरनार."

आणि शहाणी झाले. देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या बालवाडीत मुलांकडून अ आ इ घोकून घ्यायला लागले. बाहेर क्रेन घरघरायची. एकेक पाइप चरात उतरत होता. मान वळवून बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण दुपार झाली की कान आपोआप तिकडे जायचे... मुलंही तिकडेच बघत बसायची. तिकडून कोणी आलं नाही की राग यायचा, आणि यावं असंही वाटायचं नाही. म्हणजे... वाटायचं.

शेवटी तो आला. पायरीशी चिखलाचे बूट काढून उभा राहिला.

"पाणबुडी बंद पडली का?"

"ते पाइप होते, साहेब. गटाराचे."

त्याचा चेहरा असा उतरला, जणू कोणी हातातलं काही हिसकावून घेतलं.

"असं नका म्हणू," तो हळूच म्हणाला. "शाळेत असताना मी बाबांना म्हटलं होतं, मला दीपगृहात राहायचंय. बाबा हसले. शेजारचे हसले. मग मीपण हसलो. त्यानंतर मला कधी काही सुचलंच नाही. इथे येऊन पुन्हा सुचायला लागलं होतं... आणि आता तुम्हीच गटार म्हणता?"

मी खाली मान घालून खडूचा चुरा करत राहिले.

"कंपनी मला कच्छला पाठवतेय. बंदराच्या कामाला. उद्या निघतो."

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, नंदकुमारला नाय म्हना."

"मंग रंगूबाईला काय सांगू?"

"सांगा, पोरगी पोरकटच राहनार हाय."

बाबांनी समोर भराव टाकलेल्या जमिनीकडे पाहिलं. "शेती गेली तवा मी कायच बोललो नाय," ते म्हणाले. "तू तरी बोललीस." मग आत वळून त्यांनी हाक मारली, "मालती, चा टाक."

सकाळी मी धावतच रस्त्यावर गेले. तो बॅग घेऊन कंपनीच्या जीपची वाट बघत उभा होता. मला धाप लागली होती.

"उरणच्या स्थळाला मी नाही म्हटलं!"

"अरे... का?"

"मी मनात काहीही आणू शकते, आशुतोष. समुद्र आणते, देवमासा आणते. कालपासून तुम्ही गेल्यावरही इथेच आहात, असं मनात आणून बघतेय... नाही जमत. तेवढं एक खरंच लागतं."

त्याचे कान लाल झाले. लांबून जीप धुरळा उडवत येत होती. त्याने हात पुढे केला, संकोचून मागे घ्यायला लागला... आणि मी तो धरला. खरखरीत, गरम हात.

"मे महिन्यात सुट्टी मिळेल," तो म्हणाला. "आईला घेऊन येतो. तुमच्या बाबांना भेटायला."

"नक्की?"

"नक्की, जागृती."

त्याने पहिल्यांदा माझं नाव घेतलं, आणि जीपवाल्याने हॉर्न वाजवला.

मे यायला अजून अवकाश आहे. कधीतरी गावातल्या एसटीडी बूथवर त्याचा फोन येतो. लाइन खरखरते, निम्मं ऐकूच येत नाही, पण मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी राहते. आई जेवायला बोलवायला बूथपर्यंत येते आणि माझं बोलणं संपेपर्यंत बाहेर थांबते.

बालवाडीच्या अंगणातली चिंच सध्या विमान झाली आहे. परवा मुलं सगळ्यांना जागा वाटून देत होती.

"ताई, इंजिनियर काकांना कुठं बसवायचं? खिडकीशी?"

"त्यांना नको," मी म्हटलं. "ते खरोखर येणार आहेत."