साडेपाचचा फोन

"ओ बाई, आभाळाक काय दाखवतास तो फोन?"

जान्हवी दचकली. तळाशीलच्या किनाऱ्यावर एक हात उंच धरून, दुसऱ्या हाताने सहा वर्षांच्या सावीला ओढत ती कधीची फिरत होती. वाळूत वर ओढून ठेवलेल्या होडीत एक उंच, सावळा माणूस जाळं शिवत बसला होता. हसू दाबणं त्याला काही जमत नव्हतं.

"रेंज शोधतेय," ती म्हणाली. "साडेपाचला व्हिडिओ कॉल लागायलाच हवा. कोर्टाचा हुकूम आहे."

"मगे वर चढा. आख्ख्या वाडीत रेंज हयच येता, माझ्या होडयेर."

त्याने सावीला अलगद उचलून आत ठेवलं आणि जान्हवीपुढे हात धरला. त्या हातावर बांगड्याची खवलं चिकटली होती. ती क्षणभर घुटमळली... मग तोच हात धरून चढली. बरोबर साडेपाचला सावीचा बाबा फोनवर दिसला.

हा रविराज. आणि जान्हवी — नऊ वर्षं आयर्लंडमध्ये काढून गावी आलेली. विनीतशी घटस्फोट झाला तो दोन शहाण्या माणसांसारखा, आवाज न चढवता. अडलं ते सावीपाशी. तिला काही दोघांत वाटून घेता येत नव्हतं. वडील आजारी म्हणून जान्हवी लेकीला घेऊन इकडे आली, ते गेले, आणि ती राहूनच गेली. मग विनीतने तिकडच्या कोर्टात अर्ज केला — आई मुलीला माझ्यापासून तोडतेय, मुलगी परत हवी. निकाल लागेपर्यंत दर रविवारी, तिकडच्या दुपारी बाराला, बापलेकीची फोनवर गाठ घालून द्यायची होती.

"आमच्या वेळाक बोटीर गेलेल्या घोवाचां तोंड वरसान दिसायचां," यमुनाआते म्हणायच्या. जान्हवी या आत्याच्याच घरी राहत होती. "हय बाप दर रविवारी फोनात येता, तरी भांडाण सरना नाय!"

रविवारमागून रविवार गेले. जान्हवीची मालवणी परत जिभेवर आली.

"दर रविवारी तू हयच कसो असतस रे?"

"माझी होडी. मी नाय तर कोण असतलो?"

"बाकीचे मासे पकडूक जातत."

"मासे सोमवारी पण गावतत."

कॉल सुरू झाला की तो उठून पाण्याच्या कडेला पाठमोरा बसायचा. त्याला ऐकू जायचं सगळंच, पण त्याने मान कधी वळवली नाही. आणि तिसऱ्या रविवारी तिच्या लक्षात आलं — त्याच्या हातांना आता साबणाचा वास येत होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मायलेकी साडेपाचला होडीत चढल्या, आणि फोनवर विनीतचे सात मिस्ड कॉल एकदम येऊन पडले. खाली मेसेज — 'तासभर वाट पाहिली. वकिलांना कळवतोय.'

"पण साडेपाचच झाले ना, रवी?"

"साडेपाचच."

मग तिला आठवलं. मार्च संपताना तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. तिकडचे बारा आता इकडे साडेचारला वाजत होते. नऊ वर्षं तिथे राहून ती हे विसरली होती! तिने फोन रविराजपुढे धरला.

"गेलां सगळां. पुढच्या आठवड्यात तारीख आसा. असल्या एका चुकीचीच वाट बघत होते विनीतचे वकील."

जान्हवीच्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, कोणी पाहणारा असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा. इंग्रजी करून तिकडे पाठवू.

मंगळवारी दोघं एसटीने ओरोसला, जिल्हा कोर्टात गेली. रविराजने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि भाषाही इस्त्रीचीच. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टसमोर तो एकेक शब्द जपून मांडत होता. "बाई दर रविवारी मुलीला घेऊन येत. त्या रविवारीही आल्या होत्या, फक्त घड्याळ चुकलं. वारा सुटला की स्वतःची ओढणी मुलीला गुंडाळत आणि आपण कुडकुडत. कॉल संपताना मुलीच्या कानात सांगत, बाबाला पापी दे."

"बाईंशी तुमचं नातं?" टायपिस्टने मान वर न करता विचारलं.

रविराजने तिच्याकडे पाहिलं. तिने पंख्याकडे.

"कोणी नाही," तो म्हणाला. "लिहा. मी त्यांचा कोणी नाही."

परतीच्या एसटीत, वाटेतलं कट्टा गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

"रागावलंस?"

"जो कोण नाय, तेच्यार कित्या रागावतलंय?"

"मित्र म्हटलां असतां, तर तिकडच्या वकिलान काय केल्यान असतां? चेडवाक घेऊन खंयच्या पुरुषाकडे जाता म्हणान..." त्याचा आवाज खाली आला. "सावी तुझ्याकडे रवाक व्हयी गो. माझां काय, मागाहून बघता येतला."

वळणावर एसटी कलली, खांद्याला खांदा लागला, तेव्हा तिने आपला खांदा काढून घेतला नाही.

पुढचा रविवार. साडेचार. सावी बाबाला हलणारा दात दाखवून किनाऱ्यावर पळाली. फोन जान्हवीच्या हातात राहिला.

"वाचलं ते प्रतिज्ञापत्र," विनीत म्हणाला. "पापी द्यायला तू सांगायचीस... मला माहीत नव्हतं. अर्ज मागे घेतोय. शाळा तिथेच होऊ दे तिची. पण मेची सुट्टी माझी."

"तुझीच. मी स्वतः आणून सोडेन."

"आणि एक विचारू? तो साक्षीदार. तू वाऱ्यात कुडकुडत होतीस हेसुद्धा त्याला आठवतं, आणि वर लिहून देतो, मी कोणी नाही. कोण आहे तो?"

पाण्याच्या कडेची पाठमोरी मान ताठ झाली होती.

"सांगते," जान्हवी म्हणाली, "पण आधी मला त्याला सांगू दे."

ती फोन बंद करून होडीतून उतरली आणि त्याच्या शेजारी वाळूत जाऊन बसली.

"सावी हयच रवतली, रवी."

त्याने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "आणि... सावीची आवस?"

"तिका अजून कोणी इचारूक नाय."

रविराजने विचारलं. इतक्या हळू, की शिंपले वेचणाऱ्या सावीला ते ऐकू गेलं नाही. जान्हवीला गेलं.