बाकावरचे ठोकळे

हे कुणालाही सांगायचं नाही, असं ठरलंय. आत्याने माझा दंड धरून बजावलं होतं, "आईच्या कानावर जाता कामा नये." लिहायचं नाही, असं मात्र ती म्हणाली नव्हती. आई गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, आमच्याच घरी राहते. ती गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर वैमानिकांशी बोलायला रेडिओवर बसायची. मोठ्या विमानांचं विमानतळ नव्हे ते. एकच धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर आणि दोन-चार माणसं मावतील एवढी विमानं. कुणी शिकायला यायचं, कुणी हौसेखातर. "गवत कापायचं यंत्र लावलं की नवखा माणूस विमान आलं म्हणून आकाशात बघतो," असं तेलकटकाका म्हणायचे. ते तिथले मेकॅनिक. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या नखांत काळं आहे.

तिथे एक रीत होती. उभं विमान घरंगळू नये म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावतात. विमान उडालं की त्याचे ठोकळे हँगरसमोरच्या बाकावर ठेवायचे आणि परत आलं की उचलून पुन्हा चाकांना लावायचे. बाकावर ठोकळे दिसले म्हणजे कुणीतरी अजून वर आहे. आणि कुणीही वर असेपर्यंत धावपट्टीचे दिवे घालवायचे नाहीत. निघताना आत्या घड्याळाकडे बघायचीच नाही. बाक रिकामा दिसला की बटण बंद करायचं आणि स्कूटरला किक मारायची.

माझे बाबा एका संध्याकाळी दोन माणसांचं विमान घेऊन एकटेच गेले, ते परत आले नाहीत. मी तेव्हा पाळण्यात होते. विमान सापडलं नाही आणि बाबाही नाहीत. त्यांचे ठोकळे तेवढे बाकावर राहिले, पिवळ्या रंगाचे, त्यातल्या एकाचा कोपरा झिजलेला. तेव्हापासून आत्या रोज अंधार पडताना दिवे लावायची आणि ते थेट उजाडल्यावरच बंद व्हायचे. मालक म्हातारे होते. त्यांनी कधी हटकलं नाही. आई एकदाच म्हणाली होती, "वन्सं, पुरे करा आता." त्यानंतर आईने तो विषय काढला नाही आणि आत्याने त्या बाकावर कुणाला टेकू दिलं नाही.

मग मालक वारले. त्यांच्या मुलाने जमीन विकून टाकली. तिथे गोदामं होणार होती. विमानं एकेक करून दुसऱ्या गावी उडून गेली. तेलकटकाका प्रत्येकाच्या हातात त्याचे ठोकळे द्यायचे आणि म्हणायचे, "जपून वापरा, असं लाकूड आता मिळत नाही." मग उगाचच हात पुसत हँगरच्या मागे जायचे. शेवटी बाकावर एकच जोडी उरली.

शेवटच्या दिवशी दिवस मावळताना वायरमन आला. धावपट्टी खोदाईच्या यंत्राने आधीच मधोमध फोडून ठेवली होती. माणूस उभा राहील एवढा खोल चर होता तो. दिवे आणि वायर काढणं तेवढं बाकी होतं.

"बाई, आवरायचंय मला," वायरमन म्हणाला. "बटण तुम्ही बंद करताय का सरळ कापू?"

"जरा थांबा."

"आता कुणाची वाट बघताय? विमान यायचंय का?" त्याने डोक्यावरची टोपी काढली. "आलंच तर माझ्या टकलावर उतरवा. भरपूर जागा आहे."

तेलकटकाकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने टोपी परत घातली.

आत्या बाकापाशी गेली. तिला त्या क्षणी फार थकल्यासारखं झालं, असं तिने मला सांगितलं. इतकी वर्षं आपण दिवे लावले ते भाऊ येईल म्हणून की बंद करायचा धीर होत नव्हता म्हणून, हेही तिला कळेना. तिने वाकून दोन्ही ठोकळे उचलले. विमान उतरलेलं नसताना बाकावरचे ठोकळे आजवर तिथे कुणी उचलले नव्हते.

"कापा," ती म्हणाली.

सगळे दिवे एकदम गेले. वायरमन वायर ओढून गुंडाळू लागला. उकरलेल्या मातीचा आणि जुन्या डांबराचा वास अंगावर आला. डोळे अंधाराला सरावायच्या आतच लांबून घरघर ऐकू आली.

"रस्त्यावर कुणाची तरी गाडी असेल," आत्या म्हणाली.

तेलकटकाकांनी हातातला पाना हळूच खाली ठेवला. "गाडी नाही..."

घरघर जवळ आली आणि जरा मंदावली. मग इंजिन एकदा ठसकलं.

तो ठसका त्या दोघांना ओळखीचा होता. बाबांच्या विमानाचं इंजिन हळू केलं की एकदा ठसकायचं. काकांनी ते कितीदा उघडून पाहिलं, तरी खोड गेली नव्हती. बाबा म्हणायचे, "बिचारं दारात खोकून आत येतं. रीतभात आहे त्याला."

आत्या बॅटरी घ्यायला धावली. तिने ती लावलीसुद्धा. काकांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"बंद कर, पोरी."

"काका, तो आलाय... सोडा मला..."

"पट्टी फोडलीय. मधोमध चर आहे. तू उजेड दाखवलास की तो भरवशाने खाली येईल... आणि थेट..."

आत्याने बॅटरी बंद केली. स्वतःच्या हाताने बंद केली, हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. वायरमनने आपल्या टेम्पोचे दिवे कुणी न सांगताच घालवले. आवाज डोक्यावरून गेला, वळला आणि पुन्हा आला. प्रत्येक फेरीला आणखी खाली. हँगरचे पत्रे थरथरले. गरम पेट्रोलचा वास नाकात शिरला. आत्या वर बघत होती. आवाज बरोबर डोक्यावर असतानाही एकही चांदणी झाकली गेली नाही.

तेवढ्यात ऑफिसातून खरखर ऐकू आली. रेडिओ सकाळीच काढून खोक्यात बांधला होता. त्याला वायर नव्हती, बोलायचा माइकही नव्हता. आत्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसली.

"ताई... दिवे?"

तिने खोक्यावर हात ठेवला. आतून खोकं गरम लागत होतं.

"ताई... काही दिसत नाहीये गं..."

"दुसरीकडे जा रे," आत्या पुठ्ठ्याला तोंड लावून म्हणाली. "इथे नको... इथे आता काही राहिलं नाही." पण दुसरीकडे म्हणजे कुठे, हे तिला सांगता येईना. बाबा तिथेच शिकले होते आणि परत यायचं ते तिथेच, एवढंच त्यांना माहीत होतं.

इंजिन पुन्हा ठसकलं. लगेच आणखी एकदा. मग सगळं शांत झालं. तिघांनीही कान टवकारले. शेतातून, टेकडीवरून, कुठून तरी धाडकन आवाज यायला हवा होता. आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणाली.

ठोकळे परत बाकावर ठेवायचे, तर दुसऱ्या दिवशी बाकही उचलून नेणार होते. म्हणून आत्याने ते स्कूटरच्या डिकीत घालून घरी आणले.

त्यानंतर दिवेलागण झाली की तो आवाज आमच्या घरावर येऊ लागला. आधी पुसट होता, आईला ती रस्त्यावरची गाडी वाटायची. एके दिवशी मी विचारलं, "आत्या, हे रोज कोण घिरट्या घालतं?" तिच्या हातातलं भांडं सुटलं. तेव्हा तिने मला हे सगळं सांगितलं.

"ठोकळे आहेत तिथे आपली जागा, असं वाटत असेल त्याला," ती म्हणाली. "गच्चीवरचा दिवा अजिबात लावायचा नाही. उजेड दिसला तर तो उतरायला बघेल. गच्ची म्हणजे धावपट्टी नव्हे."

"मग ठोकळे कुठे तरी टाकून येऊ या."

"कुठे टाकू? जिथे टाकीन, तिथल्या माणसांवर..." तिने उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "आणि त्याला कुठेच जागा उरली नाही, असं मीच करू?"

आत्याने गच्चीवरचा बल्ब काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. बल्ब गेला, असं आईला सांगितलंय. ठोकळे जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या टेबलाखाली आहेत. लिहिताना पायाला लागतात. रोज संध्याकाळी तो आवाज घिरट्या घालतो, ठसकतो आणि बंद पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आत्या तेव्हा स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहते. गोदामांचे खांब आता अर्धे उभे राहिलेत, असं तेलकटकाका सांगत होते.

आज आत्या त्यांच्याकडेच गेली आहे. अजून आली नाही. आवाज सुरू झालाय आणि आज फार खाली आहे. खिडकीची काच थरथरतेय. एवढ्या वेळात आईचे कपडे काढून व्हायला हवे होते.

माझ्या वहीवर पिवळा उजेड पडलाय. वरून, गच्चीवरून येतोय. मी ड्रॉवर उघडून पाहिला. बल्ब आतच आहे.

इंजिन आत्ताच एकदा ठसकलं.

आई हाक मारतेय. इतक्या आनंदाने हाक मारताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. "अगं, तुझ्या टेबलाखालचे ठोकळे घेऊन वर ये! पळ लवकर!" टेबलाखाली काय आहे, हे आईला आम्ही कुणी सांगितलेलं नाही. ती पुन्हा हाक मारतेय, आणि आता तिच्या हाकेत मिसळून आणखी एक आवाज मला माझ्या पाळण्यातल्या नावाने