अदमासाचा खो

हेमलता बाबर जेवून खुर्चीत बसल्या, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "लावा हो पट्ट्या. आज दोन तरी गडी मारणार मी."

"कालचा राग काढणार वाटतं," म्हणत अरविंदरावांनी त्यांच्या दंडांना, मनगटांना, खांद्यांना आणि पोटऱ्यांना मऊ पट्ट्या बांधल्या. या स्नायूपट्ट्या. हात हलो न हलो, त्याला हलण्याचा जो निरोप मेंदूकडून येतो, त्याची बारीकशी वीज त्या टिपतात आणि संगणकाला कळवतात. फलटणातल्या बाबर फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, जिथे एकेकाळी लग्नाचे अल्बम रचले जात, तिथली भिंत उजळली. तांबडी माती, दोन खांब आणि आलटून पालटून तोंडं करून पाटीवर बसलेल्या मुली दिसू लागल्या. कुणीतरी "खो!" म्हणून ओरडलं आणि दोन वेण्यांची एक काटकुळी पोर सुसाट सुटली.

ती पोर म्हणजे हेमलताबाईच, विसाव्या वर्षीच्या. अरविंदराव लग्नाआधीपासून खो-खोचे सामने कॅमेऱ्यात टिपायला जात. खेळाची आवड म्हणून जायचो, असं ते सांगत. गावाला खरं कारण ठाऊक होतं. त्या जुन्या चित्रफिती लेकीने यंत्राला दाखवल्या होत्या, म्हणून भिंतीवरची पोर हुबेहूब पळे. तीच मान, तेच वळताना ओठ चावणं. पुढची मुलगी हुलकावणी देऊन खांबाआड गेली, पोरीने खांबाला वळसा घालत अंग झोकून दिलं, उजवा हात लांबला आणि गडी बाद झाला.

"बघितलंत?" हेमलताबाई ओरडल्या. त्यांचा स्वतःचा उजवा हात मांडीवर जसाच्या तसा पडून होता.

उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला, वाचा वाचली, हात मात्र रुसून बसला. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टर नसीमा तांबोळी यांनी रंगीत मणी ओवायला दिले, तेव्हा "मी काय बालवाडीत आहे?" म्हणून बाईंनी ते वाटीसकट ढकलून दिले होते. मग केतकीने, त्यांच्या लेकीने, हा उपाय काढला. ती पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. कंपनीत नुकतंच एक नवं ग्राफिक्स कार्ड आलं होतं, म्हणजे संगणकातला चित्रकार. त्याची ताकद अशी की मैदानातल्या धुळीचा कण न् कण ते वेगळा रंगवी. एक कार्ड तिने घरी आणलं आणि वडिलांच्या जुन्या यंत्रात बसवलं. नवं यंत्र घेऊ म्हटल्यावर अरविंदराव म्हणाले होते, "चालतंय की अजून! चालत्या गाडीला खीळ कशाला?"

आणि चाललं, नुसतं चाललं नाही तर धावलं. जी बाई मणी बघितले की तोंड फिरवायची, ती आता जेवण झालं रे झालं की पट्ट्या मागू लागली. एके दिवशी डॉक्टर तांबोळींनी पाहिलं तर उजव्या हाताची करंगळी किंचित वळत होती. त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

केतकी दिवाळीला घरी आली ती आईचा खेळ बघायला. पण माणसाची नोकरी माणसाला सोडत नाही. आई खेळत असताना तिने सहज कार्डाच्या कामाचा आलेख उघडला आणि कपाळाला हात लावला.

"अप्पा, हे कार्ड जवळजवळ सगळा वेळ रिकामं बसलंय!"

"बसू दे की. नवीन आहे, दमलं असंल."

"तसं नाही हो. प्रोसेसर म्हणजे खेळात काय घडलं ते ठरवणारा. कोण कुठं पळालं, कोण बाद झालं, हे तो सांगणार, मग कार्ड ते रंगवणार. तुमचा प्रोसेसर इतका जुना आहे की एक गोष्ट ठरवेपर्यंत कार्ड बिचारं वाट बघत बसतं. तवा रसरसून तापलाय आणि लाटणाऱ्या बाईला एका पोळीला अर्धा तास लागतोय."

"पण पोळ्या तर मिळतायत," अरविंदराव म्हणाले.

केतकीला ते पटलं नाही. तज्ज्ञ माणसाच्या घरी असली विजोड जोडी, हे तिला अंगावर ठिगळाचा सदरा घातल्यासारखं वाटत होतं. पाडव्याला तिने पुण्याहून नवा प्रोसेसर मागवला, त्यासाठी लागणारे बाकीचे सुटे भागही आले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी यंत्र नवंकोरं झालं. आता वाट पाहणं नाही. इकडे निरोप निघाला की तिकडे चित्र.

हेमलताबाई हौसेने बसल्या. खो मिळाला. पोर उठली, पण धावली नाही. दोन वेण्यांची ती पोर उजवा हात लोंबकळत ठेवून फरफटत चालली होती. पुढच्या मुली तिच्या अंगावरून हसत गेल्यासारख्या निघून गेल्या. खांबाशी आल्यावर तिने झेप घ्यायची म्हणून खांदा वाकवला आणि ती तोंडावर आपटली.

"पट्ट्या सोडा," हेमलताबाई म्हणाल्या.

"आई, थांब, काहीतरी बिघडलंय, मी बघते…"

"काही बिघडलं नाही. इतके दिवस बिघडलं होतं. आज खरं दिसलं."

त्या दिवसापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. करंगळीही पुन्हा निपचित झाली. डॉक्टर तांबोळी घरी येऊन गेल्या आणि जाताना दारात केतकीला हळू आवाजात म्हणाल्या, "मेंदू सध्या त्या हाताकडे जायची नवी वाट शोधतोय. ही शोधाशोध काही काळच चालते. हात वापरलाच नाही तर तो हाताला विसरून जाईल. मग मीही काही करू शकणार नाही."

केतकीला रडू आलं. आईचा हात परत यायला निघाला होता आणि आपण हुशारी करून त्याला दारातून परत पाठवला, असं तिला वाटलं. तिने रजा वाढवली आणि कार्डाच्या स्मृतीत साठलेले जुने खेळ एकेक करून तपासायला घेतले.

दोन सकाळी गेल्या तेव्हा कुठे तिला कळलं. या जातीचं कार्ड रिकामं असं बसतच नाही. प्रोसेसरकडून पुढची गोष्ट येईपर्यंत ते पट्ट्यांचे निरोप स्वतः न्याहाळतं आणि पुढे काय होईल त्याचा अंदाज बांधून चित्रं रंगवत राहतं. कंपनीतले लोक त्यांना अदमासचित्रं म्हणत. जलद यंत्रात दोन खऱ्या चित्रांमध्ये एखादं अदमासचित्र मावतं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अप्पांच्या यंत्रात वाट पाहणं इतकं लांबलं होतं की सगळा खेळच कार्डाने अदमासाने रंगवला होता, आणि मंद प्रोसेसर मागून येऊन त्यावर नुसती मान डोलवत होता. आईच्या डाव्या खांद्याचा झोक, पायाचा दाब, मानेकडचा ताण, एवढ्यावरून कार्ड ओळखत होतं की ही बाई आता उजवा हात फेकणार. आणि तो कसा फेकला जाईल हे त्याला जुन्या चित्रफितींतून पाठ होतं.

याहून मोठा धक्का पुढे होता. तिने उजव्या हाताच्या पट्टीचा आलेख चित्रांशेजारी ठेवून पाहिला. पहिल्या आठवड्यात तो सपाट होता. नंतर मात्र भिंतीवरच्या पोरीचा हात लांबला की पापणी लवायच्या आत आईच्या मेलेल्या दंडात विजेची एक बारीक लाट उठत होती. आधी चित्र, मग लाट. डोळे हात जाताना बघत होते आणि त्या बघण्यावर विश्वास ठेवून मेंदू खरोखरच हाताला निरोप धाडत होता. केतकी किती वेळ त्या छोट्या छोट्या लाटांकडे बघत राहिली. आपण रोज ज्या वस्तूवर काम करतो तिच्यात हे दडलेलं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं तिला नवल वाटत होतं, आणि थोडी भीतीही.

जुना प्रोसेसर शोधायला ती अडगळीत शिरली, तेव्हा अरविंदरावांनी तो कपड्यांच्या कपाटातून आणून दिला. "मी कशाला टाकतोय," ते म्हणाले.

पण आईला बसवायचं कसं? खोटं सांगून बसवणं सोपं होतं. बिघाड दुरुस्त केला म्हटलं असतं की झालं. केतकीला ते जमेना. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. ती पळणारी तू नव्हतीस, कार्डाचा अंदाज होता. प्रोसेसर हळू होता म्हणून त्याला अंदाज बांधायला उसंत मिळाली. आणि त्या अंदाजामागे तुझा हात चालू लागला होता.

हेमलताबाईंनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवला.

"खो मिळाला की काय होतं सांगू?" त्या म्हणाल्या. "मागून शब्द कानावर पडला की आपण उठतो. एकदा खांदा वळला की वळला, उलटं फिरायचं न्हाई, नियमच हाय. मग इचार करायला सवड कुठली? मी कुणाला मारणार, हे मला मारल्यावर कळायचं. अंदाजावरच पळायचे की मी तरी."

"म्हणजे बसशील तू?"

"मला वाटलं होतं यंत्र माझी कीव करतंय. ते तर माझ्यासारखंच खेळतंय. लाव."

जुना प्रोसेसर परत बसला आणि पोर पुन्हा सुटली. हेमलताबाई आता जाणून खेळत होत्या, की समोरचं चित्र आपल्या पुढे आहे आणि आपल्याला त्याला गाठायचं आहे. जणू भिंतीवरची पोरच पुढचा गडी होती आणि त्या तिच्या मागावर होत्या. दंडातल्या लाटा वाढल्या. करंगळी परत आली, मागोमाग मनगट आलं. डॉक्टर तांबोळींनी एकदा न राहवून टाळ्या वाजवल्या आणि मग आपणच लाजल्या. चित्र आणि लाट यांतलं अंतर आठवड्यागणिक कमी होत होतं. केतकी पुण्याहून दर रविवारी ते मोजायला यायची आणि आलेख बघताना तिच्या अंगावर काटा यायचा.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी खेळ संपला होता. यंत्र अजून चालू होतं, पट्ट्या अजून बांधलेल्या होत्या. हेमलताबाई भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. अरविंदराव ताटलीत चहाचे कप घेऊन आत आले आणि उंबऱ्याला अडखळले. ताटली कलली, एक कप घरंगळला.

तो खाली पडला नाही. हेमलताबाईंच्या उजव्या हाताने तो झेलला होता.

चहा सांडून मनगट भाजलं होतं, पण आधी तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अरविंदराव ताटली धरून तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हेमलताबाई स्वतःच्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होत्या.

"मी न्हाई धरला," त्या म्हणाल्या. "त्यानं धरला. मला नंतर कळलं."

केतकीने कप काढून घेतला, भाजलेल्या जागी गार पाणी ओतलं, आईला कवटाळलं, हसली, रडली. हे सगळं झाल्यावर ती सवयीने यंत्रापाशी गेली आणि तिने मघाचा क्षण परत लावला. आधी चित्र, मग लाट. नेहमीसारखंच. भिंतीवरच्या पोरीने उजवा पंजा उघडला होता, आणि आईच्या दंडातली लाट त्यानंतर उठली होती.

ती मागे सरली.

"काय झालं गं?" अरविंदरावांनी विचारलं.

"अप्पा, आईची भिंतीकडे पाठ होती. तिनं चित्र बघितलंच नाही. तरीही चित्रच आधी आहे." तिने आलेख पुढेमागे केला. "म्हणजे चित्र बघून हात गेला असं नाही. कप घसरला तेव्हा डाव्या खांद्यात, मानेत, पायात आधीच काहीतरी हललंय. इतकं बारीक की आईलाही कळलं नाही. कार्डाला ते कळलं. आई, तुझ्या मनात येण्याआधी कुणीतरी ठरवून मोकळं झालं होतं."

"पण अंग माझंच ना?"

"तुझंच. फक्त तुला ते सर्वांत शेवटी कळतं. तुलाच काय, मलाही, सगळ्यांनाच. आपण सगळेच त्या जुन्या प्रोसेसरसारखे, मागून येऊन मान डोलवणारे."

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. हेमलताबाईंनी भिंतीकडे पाहिलं. ती दोन वेण्यांची पोर तिथे पंजा उघडा ठेवून थांबली होती आणि दम लागल्यासारखी तिची छाती वरखाली होत होती. त्यांनी आपला भाजलेला हात हळूहळू वर उचलला, बोटं एकेक करून उघडली आणि तिच्या हातासमोर धरली. त्यांच्या चेहऱ्यावर देवळात शिरताना असावा तसा भाव होता.

"मग केतकी," त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं मी ज्या ज्या पोरींना मैदानात मारलं, त्यांना खरं म्हणजे कुणी मारलं गं?"