ढीग केला आणि ठिपका गेला

एखादी गोष्ट प्रत्येक फोटोत आहे, पण सगळे फोटो एकत्र केले की ती नाही. असं होऊ शकतं का? तुम्ही नाही म्हणाल. मीही नाहीच म्हणत होते. तरी रविवारी सकाळी आमच्या बार्शीच्या आकाश मंडळात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तसंच झालं.

मी शाल्मली, नववीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी गच्चीवर माझ्या छोट्या दुर्बिणीला कॅमेरा लावला आणि पश्चिमेच्या आकाशाचे, एकाच जागेचे, एकामागून एक चाळीस फोटो घेतले. त्यात एक ठिपका होता. पुसट, हिरवट, कापसाच्या बोळ्यासारखा. ताऱ्यांच्या नकाशात त्या जागी काहीच नाही. मग काय, मंडळात पाऊल टाकल्या टाकल्या मी सांगून टाकलं, "मला काहीतरी सापडलंय. आज टेकडीवरची मोठी दुर्बीण तिकडे वळवायला हवी."

मागच्या वर्षापर्यंत मी मंडळात पाणीसुद्धा विचारून प्यायचे, त्यामुळे सगळे बघतच राहिले.

मोठी दुर्बीण महिन्यातून एकच संध्याकाळ आमच्या वाट्याला येते. ती आजची होती आणि अकरावीतल्या कैवल्यदादाने तिच्यावर आधीच हक्क सांगितला होता. त्याला एका तेजोमेघाचा (वायू आणि धुळीच्या प्रचंड ढगाचा) फोटो काढायचा होता.

"आधी ढीग दाखव," इनामदार काकू म्हणाल्या. काकू दातांच्या डॉक्टर आहेत आणि मंडळाच्या अध्यक्षही.

ढीग हा आमचा नियम आहे. सुट्या फोटोवर कुणी दावा करायचा नाही, कारण सुटा फोटो फार थापा मारतो. अंधारात कॅमेरा स्वतःच्याच मनाने दाणे उमटवतो, आणि हल्ली उपग्रह इतके झालेत की प्रत्येक फोटोत रेघोट्या. म्हणून सगळे फोटो ताऱ्यावर तारा जुळवून एकावर एक रचायचे आणि त्यातून एकच स्वच्छ फोटो काढायचा. हे काम ठोकळा करतो. ठोकळा आमचा यंत्रमानव. डब्यासारखा चौकोनी, पाय नाहीत, मतं मात्र भरपूर.

ठोकळ्याने भिंतीवर ढीग उमटवला. तारे असे लखलखीत, जणू आत्ता धुऊन ठेवलेत. ठिपका मात्र कुठेच नव्हता.

"शास्त्रज्ञबाई, कुठाय तुमचं काहीतरी?" कैवल्यदादाने विचारलं.

"ठोकळ्या, तू सगळे फोटो घेतलेस का?"

"सगळे घेतले. मी अर्धवट कामं करत नाही."

मी सुटे फोटो उघडले. पहिल्यात ठिपका होता. मधल्यात होता. शेवटच्यातही होता. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आहे की गं," त्या म्हणाल्या. मग ढिगाकडे पाहून म्हणाल्या, "नाहीये की गं."

आता आम्ही सगळेच गोंधळलो, आणि खरं सांगते, मला जरा बरं वाटलं. एकटीने गोंधळण्यापेक्षा हे बरं.

"भिंगावर बोट लागलं असेल तुझं," कैवल्यदादा म्हणाला.

"बोटाचा डाग सरकत नाही, दादा. तो फोटोत एकाच जागी राहील. हा बघ, तारे जागच्या जागी आहेत, पण हा पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत थोडाथोडा उजवीकडे सरकलाय."

"मग उपग्रह असेल."

"उपग्रह इतका रेंगाळेल? तो तर रेघ ओढून पळतो."

पण मग तो आहे तरी काय, ते मलाही माहीत नव्हतं. "ठोकळ्या, तू ढीग करतोस म्हणजे नक्की काय करतोस?"

"चित्रातल्या एकेका बिंदूपाशी थांबतो. तिथे प्रत्येक फोटोत किती उजेड आहे ते आकडे घेतो आणि त्यांचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ठेवतो. दाणा किंवा रेघ एखाद्याच फोटोत असते. तो आकडा टोकाला जातो आणि गळतो."

"पण माझा ठिपका एखाद्या फोटोत नाही ना, सगळ्या फोटोंत आहे."

"मला तो एकाही बिंदूपाशी भेटला नाही," ठोकळा म्हणाला. त्याचा आवाजही पहिल्यांदाच जरा डळमळीत वाटला.

काकू खुर्चीत टेकल्या. "माझ्या दवाखान्यात एक मांजर येतं. दिवसभर असतं, पण दर तासाला खुर्ची बदलतं. समजा मी तासातासाला फोटो काढले आणि ठोकळ्याला विचारलं, दवाखान्यात मांजर आहे का?"

"मी प्रत्येक खुर्चीला विचारेन," ठोकळा म्हणाला. "पहिली म्हणेल, एकदाच होतं, बाकी वेळ नव्हतं. दुसरीही तेच म्हणेल. प्रत्येक खुर्चीचा कौल नाही असाच पडेल. म्हणजे मांजर नाही."

"पण मांजर तर..." मी म्हणाले, आणि तिथेच माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. "खुर्च्यांना विचारू नकोस. मांजराला धर. म्हणजे तारे जुळवूच नकोस. ठिपक्यावर ठिपका ठेव आणि ढीग कर."

"मग तारे सरकतील आणि तेच गळून पडतील."

"पडू देत."

भिंत काळी झाली. खरंच, एकही तारा उरला नाही. त्या काळ्या पडद्यावर एकटा माझा ठिपका होता, सुट्या फोटोत दिसला नव्हता इतका ठसठशीत, आणि त्याला एक बारीक, तिरकी शेपटी होती.

कैवल्यदादाच म्हणाला, "धूमकेतू आहे हा. सूर्याभोवती फिरणारा बर्फाचा आणि धुळीचा गोळा." आणि ठोकळ्याला म्हणाला, "ज्ञात धूमकेतूंची यादी बघ."

ठोकळ्याने यादी पाहिली. "नोंद आहे. काही वर्षांपूर्वीच सापडलाय."

माझा चेहरा पडला असणार, कारण काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण ठोकळ्याचं संपलं नव्हतं. "यादीप्रमाणे तो सध्या इतका अंधूक हवा की शाल्मलीच्या दुर्बिणीला दिसूच नये. हा कितीतरी पट तेजस्वी आहे."

"का?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"काकू?"

"मलाही नाही गं. फुटला असेल, आतून वायू उसळला असेल. बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

सगळ्यांनी कैवल्यदादाकडे पाहिलं. त्याने हात वर केले. "माझा तेजोमेघ पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे. हा थांबणार नाही. फोटो मात्र मी काढणार, आणि ढीग दोन्ही करायचे. ताऱ्यांचा एक, हिच्या मांजराचा एक."

आम्ही टेकडीवर न्यायचं सामान बांधायला लागलो. तेवढ्यात ठोकळा मागून म्हणाला, "एक विचारू? इतकी वर्षं मी तुमचे ढीग स्वच्छ करतोय. त्यांतून मी आणखी काय काय गाळून टाकलं असेल?"

काकूंनी हातातलं दुर्बिणीचं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "शाल्मली, उद्यापासून शाळा सुटली की जुने फोटो पुन्हा बघायला इकडे येशील?"